केपटाउनची वेधशाळा आणि कारूतला मोठा आरसा

केपटाउनमध्ये रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज भर दुपारी बाराला सिग्नल हिलवर तोफ कडाडते. नवा माणूस दचकतो, आम्ही मात्र घड्याळ बघतो. या तोफेला इशारा मिळतो तो वेधशाळेतून. ज्या उपनगरात ती आहे, त्याचं नावच पडलंय ‘ऑब्झर्व्हेटरी’.

१८२० साली ब्रिटिशांनी ती उभारायचं ठरवलं ते जहाजांच्या सोयीसाठी. दक्षिणेच्या ताऱ्यांची नेमकी स्थानं हवी होती, बंदरातल्या घड्याळांना बिनचूक वेळ हवी होती. पहिले प्रमुख फिअरन फॅलोज १८३१ मध्ये वारले. वेधशाळेच्या आवारातच त्यांची कबर आहे.

त्यांच्या जागी आलेले थॉमस हेंडरसन इथे जेमतेम वर्षभर टिकले. पण तेवढ्यात त्यांनी मित्र ताऱ्याचे, म्हणजे अल्फा सेंटॉरीचे वेध घेतले. मे महिन्यात आपल्याकडेही तो रात्री दक्षिण क्षितिजालगत दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा किंचित सरकलेला भासतो, त्यावरून त्याचं अंतर काढता येतं. आकडे हाती होते, तरी खात्री पटेपर्यंत हेंडरसन थांबले आणि १८३९ मध्ये ते जाहीर केले. आदल्याच वर्षी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दुसऱ्या एका ताऱ्याचं अंतर सांगून पहिला मान मिळवला होता. मला हेंडरसन यांचं ते थांबणं फार मोलाचं वाटतं.

पुढे इथले प्रमुख झालेल्या डेव्हिड गिल यांनी १८८२ च्या धूमकेतूचे फोटो काढले. धूमकेतूमागे इतके तारे उमटले, की त्यातून फोटोंवरून साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांची यादी करण्याचं काम उभं राहिलं.

शहरातले दिवे वाढले, तशा मोठ्या दुर्बिणी सुमारे ३७० किलोमीटरवरच्या सदरलंडला, कारूच्या उजाड माळावर गेल्या. तिथेच २००५ पासून ‘सॉल्ट’ ही मोठी दुर्बीण उभी आहे. षटकोनी ९१ आरसे जोडून सुमारे ११ मीटर रुंदीचा एक आरसा केलाय. वेध घेताना तो हलतच नाही. तारा सरकतो तसं वरचं उपकरण सरकतं. त्यामुळेच खर्च आटोक्यात राहिला. घुमटाशेजारी एक उंच मनोरा आहे, त्यातल्या यंत्राच्या मदतीने सगळे तुकडे एकमेकांशी जुळवतात.

पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था या दुर्बिणीत भागीदार आहे. तिथल्या संशोधकाने प्रस्ताव पाठवायचा, मंजूर झाला की वेध इथले खगोलशास्त्रज्ञ घेतात आणि नोंदी थेट पुण्याला जातात.