आमची वाटचाल : तांदळातून खडे काढता काढता

तुमसरच्या एका अंगाला राईस मिल, दुसऱ्या अंगाला मँगनीजच्या खाणी. आमचं काम आधी तांदळाचंच. मिलमधलं सॉर्टेक्स, म्हणजे तांदूळ निवडणारं मशीन, बंद पडलं की फोन यायचा आणि मी नि धाकटा भाऊ मोटारसायकलला पेटी बांधून निघायचो. कॅमेरा काळा दाणा टिपतो, हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. एवढ्यावर दोन घरं चालत होती.

एका गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याकडे मँगनीजच्या जुन्या मालाचा ढिगारा होता, त्यात पांढरी गार (क्वार्ट्झ दगड) मिसळलेली. तो म्हणाला, "तुमचं मशीन पांढऱ्यातून काळं काढते, मग काळ्यातून पांढरं काढायला काय जाते?" मलाही पटलं. इथेच फसलो.

तांदळाचा दाणा वीसेक मिलिग्रॅमचा, ४० मिलिमीटरचा गारेचा खडा शंभर ग्रॅमच्या घरातला. आमचा कंप्रेसर दहा मिनिटांत धापा टाकू लागला. त्याहून वाईट म्हणजे, मँगनीजची भुकटी बसून पांढरी गारही काळीच दिसे. कॅमेऱ्याला सगळंच माल. म्हणून आधी चाळणी, मग धुणं, मग मशीन. आजही आमचा निम्मा खर्च या पहिल्या दोन कामांत जातो आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लागतो तो वेगळाच. चाळणी टाळता येत नाही, कारण लहानमोठे खडे एकत्र आले की झोताचा नेम चुकतो.

पुढे एक्स-रेकडे वळलो. ट्यूब आणि डिटेक्टर विकत घेतले. पट्टा, सांगाडा, हवेच्या नळ्या इथल्याच शेडमध्ये बनवल्या. एक्स-रेला वरच्या धुळीचं काही नाही, तो दगडाच्या पोटात बघतो. पण जाड गार आणि पातळ मँगनीज ही दोन्ही एक्स-रे किरणांना सारखंच अडवू शकतात. म्हणून दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर मोजायचं. दोन्ही आकडे ताडून पाहिले की जाडीचा घोळ सुटतो आणि दगड कशाचा ते उरतं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीचे कागद मात्र भावानेच निस्तरले, माझ्यात तेवढा धीर नाही.

गार सुटली, तरी मँगनीज वितळवणारे भट्टीवाले कुरकुरतच होते. कोडं सोडवलं ते ढिगाऱ्यावर माल वेचणाऱ्या एका मावशींनी. दगड फोडून म्हणाल्या, "भाऊ, ह्याच्यात लाल दाणे पाहा. काळा दिसते, पण माल नाही." तो गोंडाइट नावाचा दगड. फर्मोर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून हे नाव दिलं. त्यातल्या लालसर गार्नेटमध्ये मँगनीज असतंच, घनताही चारच्या वर. पण भट्टीला नको असलेली सिलिका सोबत येते. गारेची घनता २.६५, ती एक्स-रेला झटकन कळते. गोंडाइट चकवतो. तो काढायला मशीनची मर्यादा कडक केली, तर चांगला मालही टाकाऊत जायला लागला.

शेवटी मशीनकडे फक्त गार दिली आणि गोंडाइट मावशींच्या टोळीकडे. मशीन विकणाऱ्याने हे सांगू नये म्हणतात. आम्ही सांगतो, कारण मागाहून भांडण नको.

१० मिलिमीटरखालचा चुरा आम्ही घेत नाही. त्याला जिगच बरा, म्हणजे पाण्यात हलवून जड-हलकं वेगळं करणारं यंत्र. चाचणीसाठी नमुना आणणार असाल तर ढिगाऱ्याच्या वरचा धुतलेला, देखणा माल आणू नका. चार बाजूंनी, आतून खणून, चिखलासकट पोती भरा.