तुम्ही विचारलंत म्हणून: डंप मात्सुमोतोच का?

"सगळं ठरलेलंच असतं ना? मग रडतेस कशाला? आणि आवडायचीच, तर ती दुष्ट बाईच कशी आवडते?" जपानी महिलांच्या प्रो-रेसलिंगमधली खलनायिका मला आवडते म्हटलं की दर वेळी हेच. आता एकदाच सांगते.

हो, निकाल ठरलेला असतो. पण २८ ऑगस्ट १९८५ची ओसाका-जो हॉलमधली लढत बघा. हरेल तिचं मुंडण, अशी अट. एकीकडे क्रश गॅल्स या कुस्तीगीर जोडीतली चिगुसा नागायो, शाळकरी मुलींचा जीव की प्राण. दुसरीकडे रंगवलेल्या चेहऱ्याची, साखळ्या आणि बांबूची तलवार घेऊन येणारी डंप. तिच्या टोळीचं नावच गोकुआकु दोमेई, म्हणजे महादुष्टांची आघाडी. रेफरीसुद्धा त्यांच्याच बाजूचा! चिगुसा रक्तबंबाळ होऊन हरली. तिथेच, रिंगमध्ये, तिच्या डोक्यावरून मशीन फिरलं. प्रेक्षकांतल्या मुली हुंदके देत, गळ्यात गळे घालून किंचाळत होत्या.

पहिल्यांदा मी ते अर्ध्यातच बंद केलं. माझ्या पणजीचं केशवपन झालं होतं. आजी सांगायची, न्हावी ओसरीवर आला की ती पदराचा बोळा दातांत धरून बसायची. तिचंही ठरलेलंच होतं.

मग हे करणारी कशी आवडते? डंप आणि चिगुसा १९८०च्या एकाच तुकडीतल्या. त्या लढतीनंतर सगळ्या देशाचा राग डंपनं अंगावर घेतला. तो घेणारं कुणी नसतं, तर चिगुसासाठी इतक्या मुली रडल्या असत्या का? पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, त्याच हॉलमध्ये डंप हरली आणि तिचेही केस गेले.

पूर्वी मी इथेच थांबायचे. फिटंफाट झाली, म्हणायचे. आता म्हणवत नाही, कारण बुल नाकानो. विशीही न गाठलेली ती मुलगी. तिला खलनायिका व्हायचंच नव्हतं. डंपनं तिला टोळीत ओढलं, तिचं अर्धं डोकं भादरलं. ती रडली. पुढे १९९४मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीची महिला विजेती झाली, २०२४मध्ये त्याच कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत गेली. "बघ, भलंच झालं की तिचं," असं मला सांगू नका. चिगुसा आणि डंप अट मान्य करून उतरल्या होत्या. या पोरीला कुणी विचारलं होतं?

हे सगळं माहीत असूनही, डंप तलवार आपटत रिंगकडे निघाली की मी आजही तिच्याच नावानं ओरडते.