माणगावच्या कोंडीत चढलेला काटा

गणपतीला खेडला जायचं म्हणजे पहाटे पाचला पुणं सोडायचं आणि ताम्हिणी उतरून माणगावला हायवे धरायचा, हा आमच्या घरचा ठरलेला रस्ता. गाडी २००२ सालची. एसी कधीचाच मेलेला. पुढे अण्णा, मागे आई आणि तिच्या पायाशी मखराच्या थर्माकोलवरून झालेलं भांडण मिटवणारं कापडी मखर.

निघायच्या आठवडाभर आधी सिग्नलला दोनदा इंजिनाच्या तापमानाचा काटा वर गेला होता. म्हणून गॅरेजला टाकली, तर तिथल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी अडवणारी झडप, काढूनच टाकला. "आता पाणी कायम फिरत राहणार, टेन्शन नाही." मीही खूश.

ताम्हिणीत धुकं, धबधबे आणि रस्त्याच्या मधोमध फोटो काढणारी मंडळी. त्यांना चुकवत चढ-उतार करताना काटा तळाशी चिकटलेला, नेहमीपेक्षाही खाली. "गाडी एकदम गार आहे," अण्णा म्हणाले. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांपर्यंत पाणी इंजिनातच अडवून धरतो. तो नसला की पळत्या गाडीचं इंजिन धड गरमच होत नाही, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. म्हणजे नीट चाललेला भाग काढला होता आणि बिघडलेला तसाच आत बसून होता.

निजामपूर गेलं, माणगाव आलं आणि सगळं थांबलं. पुढे मुंबईच्या गाड्या, मागे पुण्याच्या. वीस मिनिटांत जेमतेम दोन-तीनशे मीटर. काटा निम्म्यावर, मग पाऊण, मग लाल रेघेला टेकायला आला. मी काचा खाली केल्या आणि हीटर फुल्ल सोडला. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढतो. काटा नखभर उतरलाही. पण भाद्रपदातल्या त्या दमट हवेत आई मागून म्हणाली, "अरे, मोदक घरी जाऊन उकडायचेत, इथे नाही."

शेवटी एका पंक्चरवाल्याच्या टपरीशी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. अण्णांना लगेच त्यांच्या वेळची एसटी आठवली. घाट चढून आली की ड्रायव्हर बॉनेट उघडून डबाभर पाणी ओतायचा. तेही बाटली घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडे निघाले, तसा मी हात धरला. टोपणाखाली दाब असतो, म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केलं की क्षणात उकळून थेट तोंडावर.

शेजारच्या गॅरेजमधला पोरगा हात पुसत आला. त्याने एकच विचारलं, "चालताना तापते की उभी असताना?"

"उभी असताना. घाटात काहीच झालं नाही."

"मग फॅन बघू."

पुण्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी आपण होऊन सांगितलंही नव्हतं. गाडी पळत असली की समोरचा वारा रेडिएटर गार करतो, पंख्याचं कामच पडत नाही. उभ्या गाडीला पंख्याशिवाय वारा कुठला? इंजिन इतकं तापलेलं, चालू, आणि पंखा मख्ख. बॉनेट उघडून मी पाच मिनिटं तिथे उभा होतो, तरी ते माझ्या डोळ्यांत भरलं नव्हतं.

त्याने इंजिन बंद करून काडीने पातं ढकललं, मोकळं फिरलं. फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत. मग पंख्याच्या सेन्सरचा, म्हणजे थर्मो स्विचचा, दोन पिनांचा कनेक्टर उपसला आणि वायरच्या तुकड्याने दोन्ही टोकं जोडून मला चावी फिरवायला सांगितलं. रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा स्विच, टक् वाजला आणि पंखा घुर्र करून सुटला. म्हणजे मोटर, रिले, वायरिंग सगळं ठीक, सेन्सर गेलेला. एसी लावला की हा पंखा या सेन्सरची वाट न बघता फिरतो. एसी जिवंत असता तर तो लावून पंखा फिरतो का हे मी सिग्नललाच पाहू शकलो असतो.

सणाच्या गर्दीत सेन्सर कुठला मिळायला? "डायरेक्ट करतो, बाप्पाला वेळेत पोचा." डॅशबोर्डखाली एक बटण लोंबकळत ठेवून दिलं. इंजिन गार झाल्यावर टाकीत कूलंट भरला. लोणेरे, महाड करत कशेडीच्या बोगद्यातून भरणे नाक्याला आलो तोवर अण्णांचा हात त्या बटणावरच. गाडी थांबली की टक्, सुटली की टक्.

परतल्यावर सेन्सर आणि थर्मोस्टॅट दोन्ही नवे बसवले. जुना सेन्सर मात्र मी घरी आणला. त्याच्यावर ९२ कोरलेलं, म्हणजे ९२ अंशांना त्याच्या आतला जोड जुळून पंखा सुरू व्हायचा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे खळखळत्या पाण्यात तो जुळायलाच हवा. पातेल्यात दोऱ्याने लोंबता सोडला, जोड जुळला की वाजणारा मल्टिमीटर लावला. दहा मिनिटं पाणी उकळलं, मीटर गप्प. नंतर गंमत म्हणून मागे चमच्याने ठोकला, तर एकदा पीं वाजला आणि पुन्हा गप्प.

आईने ते पातेलं तेव्हाच गाडी धुवायला देऊन टाकलं.