नाथसागराच्या काठी, शंभर लिटर पाण्यात

कॅरॅव्हॅन भाड्यानं घेण्याचं खरं कारण पक्षी नव्हते, संडास होता. आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या छत्रपती संभाजीनगरच्या, आणि दर हिवाळ्यात एकदा तरी नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी बघायला जातो. दर वेळी तोच प्रकार. पहाटे निघायचं म्हणून चहा अर्धाच प्यायचा, दिवसभर पाण्याचे घोट मोजायचे, आणि अगदीच नाइलाज झाला की बाभळीच्या आडोशाला एकीनं जायचं, बाकीच्यांनी ओढण्या धरून उभं राहायचं. यंदा सुजाताच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती म्हणाली, "मला उकिडवं बसता येत नाही, तुम्ही जाऊन या." त्यावर मनीषा म्हणाली, "मग संडासच बरोबर घेऊन जाऊ."

2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा पेपरात वाचला होता. म्हणजे गाडीतच पलंग, ओटा, बेसिन, संडास. आणि अशा गाड्या लावायला वीज-पाण्याची सोय असलेले पार्क. गाडी मिळाली. पार्क पैठणच्या बाजूला कुठे सापडला नाही. भाडं, अनामत, ड्रायव्हरचा भत्ता आणि किलोमीटरची मर्यादा हे सगळं फोनवर ठरलं. त्यानंतर गाडीमालकानं आमची तासभर शिकवणी घेतली. दिवे, पंखा, छोटा फ्रीज बॅटरीवर चालतो. एसी मात्र बाहेरून लाईट जोडली तरच. बेसिनचं सांडपाणी गाडीखालच्या वेगळ्या टाकीत जमतं, ते तलावात किंवा नाल्यात सोडायचं नाही. संडासाची पेटी बाहेरच्या छोट्या दारातून सूटकेससारखी ओढून काढायची, तिच्यात निळं औषध घालायचं आणि ती कुठल्यातरी पक्क्या संडासातच रिकामी करायची. आणि वापरायच्या पाण्याची टाकी शंभर लिटरची. हे त्यानं तीनदा सांगितलं.

शंभर लिटरचं महत्त्व आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. निघायच्या आदल्या रात्री मी हौदातून मोटार लावून ती टाकी भरली, तेव्हा लक्षात आलं की शहराला पाणी जायकवाडीहून येतं आणि आम्ही ते गाडीत भरून परत जायकवाडीलाच नेतोय.

प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला रविवार. पहाटे साडेपाचला निघालो. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, पण ही गाडी एसटीच्या दिमाखानं चालते, त्यामुळे दोन तास धरायचे. प्रत्येक गतिरोधकाला कपाटातली ताटं वाजत होती. ढोरकीनच्या पुढे एक दार उघडून पोह्यांचा डबा थेट मनीषाच्या मांडीवर आला.

धरणाच्या भिंतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्हाला फाटकापाशीच थांबवून परत पाठवलं. त्याचं वाईट वाटलं नाही, ते अपेक्षितच होतं. दहा किलोमीटरची मातीची भिंत, 27 दरवाजे. लांबूनही ती ढगाच्या सावलीसारखी आडवी दिसते. नवख्यांना एक गोष्ट नेहमी बुचकळ्यात टाकते: धरण पैठणला, मग नाव जायकवाडी का? धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी व्हायचं होतं. जागा बदलली, नाव चिकटून राहिलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं.

तिथून आम्ही बॅकवॉटरच्या कडेनं आत शिरलो, आणि इथं चूक माझी झाली. पाणी थोडं मागं सरकलेलं, मधे सपाट, भेगाळलेली, पांढुरकी जमीन. पुढे पाण्यावर पक्षीच पक्षी. ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, इथंच बांधावर लावू." मी म्हणाले, "अजून पन्नास पावलं घ्या की, सुजाताला खिडकीतूनच दिसेल." त्यांनी घेतली. तीस पावलांवर मागचं डावं चाक असं खाली गेलं की फ्रीजचं दार उघडून दही सांडलं.

मागे घ्यायला गेले तर चाक जागीच फिरलं आणि काळाभोर चिखल खिडकीवर उडाला. मग मला एक अक्कल सुचली. पाणी सोडून गाडी हलकी करू. दादांनी टाकीची खालची तोटी उघडली. ती तोटी बरोबर त्या चाकाच्या वर आहे, हे शंभर लिटर गेल्यावर कळलं.

तोवर वरच्या शेतातून एक शेतकरीदादा आले होते. त्यांनी चाक बघितलं, वाहणारं पाणी बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"पानी कामून सोडलं?"

"वजन कमी व्हावं म्हणून."

"गाडी किती टनाची?"

"तीन-चार."

पुढे ते काही बोलले नाहीत, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. पायानं वरचा पापुद्रा उकरून दाखवला फक्त. बोटभर वाळलेला थर, खाली लोण्यासारखा गाळ. पाणी हटेल तसतशी या जमिनीवर गाळपेऱ्याची पिकं घेतात, कुठं कधी पाय ठेवायचा हे त्यांना पाठ असतं. त्यांनी ट्रॅक्टर आणला, चाकाखाली पऱ्हाट्यांचे भारे कोंबले, मागून साखळीचं टोचन लावलं आणि ड्रायव्हरदादांना सांगितलं, "रेस करू नका, नुस्तं स्टेरिंग सरळ धरा." तिसऱ्या हिसक्याला गाडी बांधावर. पैसे घेईनात, डिझेलचे म्हणून जेमतेम पाचशे घेतले.

आता प्रश्न पाण्याचा. समोर नाथसागर. पूर्ण भरला तर 102 टीएमसीच्या पुढे जातो, एक टीएमसी म्हणजे अठ्ठावीसशे कोटी लिटर. आणि आमच्याकडे हात धुवायला बिसलेरीच्या दोन बाटल्या. "हिरीवर भरून घ्या," शेतकरीदादा म्हणाले, "पर लाईट बाराला येती." शेतीची वीज पाळीनं मिळते, आणि तेव्हा वाजले होते साडेनऊ.

म्हणून अडीच तास आम्ही एका जागी बसलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाथसागर नीट बघितला. एरवी आम्ही सात ठिकाणं पालथी घालायचो. आता बांधावर सतरंजी, सुजाता गाडीच्या पायरीवर दुर्बीण घेऊन. सगळ्यांत जवळ वारकरी होते. खरंच, या पक्ष्याचं मराठी नाव वारकरी आहे: काळा देह आणि कपाळावर पांढरा टिळा. नाथांच्या पैठणात शेकड्यांनी वारकरी तरंगताना बघून मनीषानं आपोआप हात जोडले. त्यांच्या पलीकडे शेकाट्ये, लांब लालसर पायांवर उभे, चिखलात सुईनं टाके घातल्यासारखी चोच मारत. चक्रवाकाची जोडी. आणि अगदी दूर एक गुलाबी रेघ. ती रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची आहे असं मी छातीठोक सांगितलं, सुजातानं दुर्बिणीतून बघून दुजोरा दिला, म्हणून वाचले.

मग डोक्यावरून पट्टकादंब आले. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारा हंसाच्या जातीचा पाहुणा. मी कौतुकानं हे सांगत होते, तर शेतकरीदादा म्हणाले, "पाहुणे खरे, पर हरभरा मुळापतोर खात्यात." 1986 पासून हे अभयारण्य आहे, त्यांना हाकलायचं तर फार तर डबा वाजवायचा. त्या पक्ष्यांकडे मी त्यानंतर जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

वरच्या शेतात शेतकरीदादांच्या आईनं आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली ज्वारीची कणसं, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आमचे पोहे कुणी विचारले नाहीत.

मावशींना गाडी आतून बघायची होती. बेसिनचा नळ फिरवून बघितला. कोरडा. संडासाचं दार उघडलं, ओट्याकडे वळून बघितलं. "चुलीपशीच?" एवढंच म्हणाल्या. मग पलंगावर टेकल्या आणि खिडकीतून बोट केलं, "ते पांढरे पाखरं बसलेत न, तिथं आमची वेस व्हती. पानी आलं तवा मी दोन लेकरांची माय व्हते." शंभराहून जास्त गावं या धरणानं विस्थापित केली, हे मी शाळेत मुलांना शिकवलेलं आहे. खिडकीतून वेस बघायची वेळ पहिलीच. सुजातानं दुर्बीण पुढे केली. मावशींनी डोळ्याला लावली, काही दिसेना तेव्हा परत दिली. "मला तशीच दिसती," म्हणाल्या.

बाराला लाईट आली, नळी टाकीच्या तोंडाशी धरली, अर्ध्या तासात टाकी भरली. आणि हो, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो संडास. सुजातानं वापरला आणि बाहेर येऊन म्हणाली, "राणीसारखं वाटलं." तेवढ्यात भाडं वसूल.

दुपारी पैठण. गाडी गल्ल्यांत शिरत नाही, म्हणून बाहेरच लावून रिक्षा केली. नाथांचं समाधीमंदिर, मग नागघाट, जिथं ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले असं सांगतात. एका मागावर पैठणीचा पदर विणताना बघितला. मोराची मान तासाभरात नखाएवढीही वाढली नसेल. साड्यांच्या किमती विचारून आम्ही नम्रपणे बाहेर आलो.

परतीचा शेवटचा टप्पा पेटीचा. वाटेतल्या दोन पेट्रोल पंपांवर विचारलं, दोन्हीकडे नकार. शेवटी माझ्याच घरी. रात्री नऊला ड्रायव्हरदादा ती पेटी घेऊन जिना चढत होते, मी पुढे दारं उघडत होते आणि शेजारचे काका विचारत होते, "पाहुणे आले का? बॅग जड दिसतेय."

खाली दादा गाडी परत न्यायच्या तयारीत होते. नियमाप्रमाणे टाकी रिकामी करून द्यायची. काट्यावर अजून साठेक लिटर विहिरीचं पाणी दाखवत होतं. त्यांनी तोटीला हात घातला आणि आम्ही चौघी एकदम ओरडलो, "थांबा!" मनीषा माझ्या घरात पळाली आणि हाताला लागेल ते घेऊन आली: दोन बादल्या, एक टब आणि कुकर.