तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा प्लगला एवढी मजुरी?

"ओ मिस्त्री, स्पार्क प्लग दीड-दोनशेचा आणि मजुरी त्याच्या किती पट लावताय?" साताऱ्यात मोळाच्या ओढ्याकडं माझं गॅरेज आहे, आणि छोट्या पिकअपवाल्यांचा हा ठरलेला प्रश्न. विचारणारा बहुतेक वेळा मोटारसायकलच्या हिशेबानं बोलत असतो. तिथं प्लग समोर उघडा असतो. कॅप ओढली, पाना लावला, चहा यायच्या आत काम झालं. त्याची मजुरी मीही मागत नाही.

डिझेलवाल्यांना आधीच बाजूला काढतो. डिझेलची बोलेरो पिकअप आणून "प्लग बघा जरा, मिस मारतीय" म्हणणारे अधूनमधून येतातच. डिझेल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारा स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. काही इंजिनांत असतो तो हीटर प्लग, थंडीत पहाटे स्टार्टिंगला मदत करणारा. तो हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणात, तुटला तर मजुरी सांगायच्या आधी मी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो.

राहिल्या पेट्रोल आणि सीएनजीवाल्या. छोटा हत्ती घ्या, मारुतीची सुपर कॅरी घ्या, इंजिन सीटखाली. पुढं नाक नाही, म्हणून मागं हौदा लांब मिळतो आणि भाजीच्या क्रेटची एखादी रांग जास्त बसते. हौद्याची ती लांबी इंजिनाच्या जागेतून काढलेली असते. म्हणजे सीट उचला, मॅट बाजूला करा, झाकण काढा. गॅसचं किट बाहेरून बसवलेलं असेल तर फिटरनं पाइप नेमका प्लगच्या डोक्यावरून नेलेला असतो. त्यानं त्या दिवशी सरळ रस्ता बघितला, पुढं प्लग कोण काढणार याचा विचार त्याच्या मजुरीत नव्हता.

मग कॉइल, प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी. कॉइलच्या कपलरचं, म्हणजे वायरच्या जोडाचं, प्लॅस्टिक उष्णतेनं पापडासारखं झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की लॉक तुटतं, आणि लॉक नसलेला कपलर घाटात हादरून सुटतो. म्हणून अंगठ्याचं नख आत घालून, आधी थोडं पुढं ढकलून, मग मागं ओढायचा. रबरी बूट प्लगला चिकटलेला असतो, तो आधी पिळून सुटा करायचा आणि मगच वर काढायचा. सरळ ओढला तर अर्धा खालीच राहतो.

आता खरं काम. प्लग एका खोल नळीच्या तळाशी असतो. पुढचे दिसतात तरी. सगळ्यात मागचा केबिनच्या पत्र्याला लागून असतो, तिथं डोळा पोचत नाही आणि रॅचेट फिरायला जेमतेम एक-दोन दात जागा मिळते. छोटं एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल, खाली आत रबर असलेलं 16 किंवा 14 चं प्लग सॉकेट, आणि बाकी सगळं बोटांच्या अंदाजावर. सोडवायच्या आधी नळीत हवा मारायची, कारण कास-बामणोलीकडून आलेल्या गाडीच्या नळीत लाल माती असतेच. प्लग निघाला की ती माती थेट सिलेंडरमध्ये, पिस्टनच्या डोक्यावर.

आणि इंजिन थंड पाहिजे. पसरणी घाट चढून-उतरून स्ट्रॉबेरीवाला येतो, सीटखालून वाफ लागत असते, आणि म्हणतो, "तासात द्या, मार्केटला जायचंय." हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचे आटे पोलादी. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढला की पोलाद सुखरूप बाहेर येतं आणि ॲल्युमिनियमचे आटे त्याला चिकटून येतात. मग जागेवर नव्या आट्यांचं बुश मारा, तोही कीस आत न पडू देता. नाहीतर हेड उतरवा. माझ्या मजुरीतला मोठा भाग वाट बघण्याचा असतो, हे मी मोकळेपणानं सांगतो.

जुना प्लग मोडून बसण्याचा प्रकार आपल्याकडं कमी. अमेरिकेत मात्र मोठ्या पिकअपवाल्यांनी हे दुखणं भरपूर सोसलंय. फोर्डच्या 5.4 लिटरच्या तीन व्हॉल्व्हवाल्या ट्रायटन इंजिनात प्लगची खालची नळी वेगळी जोडलेली असायची. तिच्याभोवती कार्बन धरला की सोडवताना वरचा भाग हातात आणि खालचा हेडमध्येच. तो तुकडा काढायला तिथं खास हत्यारं विकायला आली, आणि पुढं एकसंध प्लगही आले.

नवा प्लग लावताना मी पाना हातात घेत नाही. प्लगच्या चिनी मातीवर रबरी नळीचा तुकडा चढवतो, तो आत सोडतो आणि बोटांनी फिरवतो. प्लग वाकडा लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. सरळ लागला तर मऊ जातो, ते बोटाला कळतं. वॉशर टेकला की मग पाना. नव्या वॉशरवर साधारण अर्धा फेरा. किती जोर लागतोय ते दाखवणारा टॉर्क पाना असेल तर 14 मिलिमीटर आट्याच्या प्लगला 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 च्याला 15 ते 20. जोर दाखवायची ही जागा नव्हे. ढिलाही चालत नाही, कारण प्लगची उष्णता हेडकडं जाते ती आट्यांतून आणि त्या टेकलेल्या जागेतून. ढिला प्लग तापून मरतो. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू का, असंही विचारतात. हल्लीच्या मुलामा दिलेल्या प्लगला नको. आटे घसरट झाले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

दुसरा प्रश्न याच्याच पोटातला. "पेट्रोलवर मख्खन चालते, गॅसवर यवतेश्वरचा घाट चढताना झटके देते." गॅस आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात माल भरून चढाला लागलात की सिलेंडरमधला दाब वाढतो, व्होल्टेज आणखी लागतं. झिजून प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन खिळ्यांमधली फट, वाढलेला असला की कॉइलचा दम तिथं संपतो. सपाटीवर पोवई नाक्यापर्यंत काही जाणवत नाही. म्हणून गॅसवाल्यानं सर्व्हिस पुस्तकातल्या किलोमीटरच्या अलीकडेच प्लग बघावेत, आणि गॅप गॅससाठी सांगितलेलाच ठेवावा. इरिडियमच्या प्लगमध्ये मात्र गेज खुपसू नका, त्याचं टोक सुईएवढं असतं. मिस मारत तशीच पळवलीत तर न जळलेलं इंधन सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि त्या कन्व्हर्टरची किंमत ऐकलीत तर प्लगच्या मजुरीबद्दल पुन्हा बोलणार नाही.

आता थोडं कटू. स्वस्तात करणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. त्यांतले काही चार प्लगच्या गाडीत हाताला येणारे तीन बदलतात आणि मागचा चौथा तसाच ठेवतात. नवे तीन चांगली ठिणगी देतात, गाडी चार दिवस बरी वाटते, गिऱ्हाईक खूश. असा सोडलेला प्लग कित्येकदा मीच काढलाय. बाकीच्यांचे खिळे करकरीत, आणि याचा मधला खिळा झिजून गोल, वरच्या खिळ्याला खळगा, चिनी मातीवर ऑइलचा तपकिरी पट्टा. ते ऑइल नळीच्या सीलमधून आलेलं. मागचा प्लग काढलाच नाही, तर ते सील गेलंय हेही कुणाला कळत नाही, आणि वरचा बूट फुगून कॉइलही जाते.

म्हणून प्लग कुणाकडूनही बदला, पण जुने सगळे मागून घ्या, कुठला कुठल्या सिलेंडरचा ते सांगायला लावा. एक वेगळा दिसला तर विचारा. तांबूस-करडा असेल तर बरं. काळी कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर बघायला सांगा. खालचं टोक ऑइलनं ओलं असेल तर खर्च वेगळा आहे, तो प्लग बदलून टळणार नाही.

घरी करू का? पुढचे करा, हरकत नाही. मागच्याला हात घालायच्या आधी सॉकेटच्या आतलं रबर शाबूत आहे का बघा, नाहीतर प्लग नळीत पडतो. गॅसची गाडी असेल तर पाइपचा नट मात्र तुम्ही सोडवू नका.

आणि माझ्याकडं येणार असाल तर गाडी संध्याकाळी लावून जा, सकाळी थंड इंजिनावर काम होतं. मग वाट बघण्याचे पैसे मी लावत नाही. सीटखाली सापडलेली नाणी, टोलच्या पावत्या आणि भाजीवाल्यांच्या चिठ्ठ्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या असतील. नाणी मोजून घ्या, ती मजुरीत धरलेली नाहीत.