वात ठीक, मेण ठीक, तरी ज्योत विझते

८ सेंटिमीटर व्यासाची दुधी काचेची बरणी, आत २२० ग्रॅम सोया मेण, वर सोनेरी अभ्रकाच्या भुकटीचा हलका हात आणि मोगऱ्याचा वास. दिसायला मेणबत्ती अव्वल होती. पेटवली की पहिली २० मिनिटं ज्योत अडीच सेंटिमीटर उंच आणि स्थिर राहायची. मग ती गव्हाच्या दाण्याएवढी व्हायची आणि चाळीसाव्या मिनिटाच्या आसपास विझून जायची. अशा ६० मेणबत्त्या मुंबईच्या एका इंटिरियर डिझायनर बाईंना दिवाळीच्या भेटी म्हणून द्यायच्या होत्या. बनवणारी मुलगी नाशिकची, हाताने चोख. सप्टेंबरातल्या एका सकाळी ती खोकं घेऊन माझ्या कार्यशाळेत आली, बाईही बरोबर होत्या.

‘दादा, एका नंबराने जाड वात घालून बघू का?’ हा तिचा पहिला प्रश्न. ज्योत विझली की बोट आधी वातीकडेच जातं. पण कारण कळल्याशिवाय वात जाड करण्यात धोका असतो. ज्योत जगेलही, पण टोकावर काजळीचा गोळा धरेल, काचेवर काळं चढेल आणि बरणी हाताला सोसणार नाही इतकी तापेल. म्हणून आधी एकेक शक्यता बाद करत गेलो.

पंखे बंद केले. वात ५ मिलिमीटरवर छाटून एक मेणबत्ती पेटवली, ती विझली. दुसऱ्या बरणीवरची सोनेरी भुकटी मेणाच्या पातळ थरासकट खरवडून काढली आणि ती पेटवली. अभ्रक जळत नाही, ते वातीच्या धाग्यांत अडकून मेणाची वाट बंद करतं, त्यामुळे संशय रास्त होता. (मेणबत्तीवर ही भुकटी मला मुळात पसंत नाही. फोटो छान येतो, एवढाच तिचा उपयोग.) तीही विझली.

तिसरी चाचणी निर्णायक ठरली. वात निवडताना तिने त्याच बरणीत, त्याच मेणाच्या, त्याच वातीच्या पण बिनवासाच्या दोन मेणबत्त्या ओतल्या होत्या, आणि सुदैवाने त्या सोबत आणल्या होत्या. त्यातली एक पेटवली. साडेतीन तासांत वितळलेलं मेण चारही बाजूंनी काचेला टेकलं, खोली १ सेंटिमीटर भरली, ज्योत शेवटपर्यंत स्थिर. म्हणजे मेण आणि वात दोन्ही निर्दोष. वेगळं होतं ते फक्त तेल. वातीची चाचणी तयार मिश्रणावरच घ्यायची असते ती यासाठी. प्रत्येक सुगंधी तेलाचा दाटपणा आणि जळण्याची तऱ्हा निराळी असल्यामुळे कोऱ्या मेणात जमलेली वात वासाच्या मेणात जमेलच असं नाही.

तेल तिचं नव्हतं, बाईंनी दिलेलं होतं. त्यांच्या एका हॉटेलच्या कामात लॉबीसाठी घेतलेला मोगरा ग्राहकाला आवडला, म्हणून तोच मेणबत्तीत हवा होता. प्रमाण ८ टक्के, म्हणजे सोया मेण सहज धरतं तेवढंच. तरीही न पेटवलेल्या मेणबत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक घाम दिसत होता. तेल जास्त झालं किंवा तयार मेणबत्ती तापून पुन्हा गार झाली की घाम येतो, हे खरं. इथे दोन्ही कारणं लागू नव्हती. थेंब बोटावर घेतला तर तो तेलकट कमी आणि चिकट जास्त.

मग पाण्याची परीक्षा. स्वच्छ ग्लासात ५० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात ५ मिलिलिटर तेल सोडलं आणि चमच्याने ढवळलं. मेणात चालणारं सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगतं, आणि डायइथाइल थॅलेट घालून पातळ केलेलं असेल तर थेंब होऊन तळाला बसतं, कारण तो द्रव पाण्यापेक्षा जड आहे. हे तेल पाण्यात विरघळून गेलं, मागे फक्त दुधट झाक उरली. याचा अर्थ बाटलीतला मोठा हिस्सा डायप्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या, पाण्यात मिसळणाऱ्या द्रवाचा होता. पाण्याची वाफ सोडणाऱ्या यंत्रांसाठी अनेक तेलं अशी बनवतात. बाटलीवर मात्र ‘डिफ्यूझर व मेणबत्तीसाठी’ असं छापलेलं होतं.

खात्रीसाठी पारदर्शक चंचुपात्रात ५० ग्रॅम मेण ७५ अंशांना वितळवून ४ ग्रॅम तेल घातलं, २ मिनिटं ढवळलं आणि कोमट पाण्यात ठेवून मेण पातळच राहू दिलं. थोड्या वेळात तळाशी भिंगासारखा स्वच्छ थर जमला. ग्लायकॉल मेणात विरघळत नाही आणि मेणापेक्षा जडही असतं. ढवळल्यावर ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात अडकून राहतं. मेणबत्ती पेटून मेण वितळलं की हे थेंब वातीपाशी येतात आणि कापसाच्या धाग्यांत शिरतात. मग मेण वर चढत नाही, ज्योतीला इंधन मिळत नाही. पहिली २० मिनिटं जळायचं ते वातीवर आधीच चढवलेलं मेण आणि भोवतीचा थोडासा भाग.

‘वितळवून, गाळून पुन्हा ओतता येईल का?’ असं बाईंनी विचारलं. मेण ७० अंशांवर निथळत ठेवून वरचं काढून घेता येतं. पण त्यात वास किती उरला आणि ग्लायकॉल किती, हे मोजायला आपल्याकडे साधन नाही. विकायच्या मालात असलं मेण घालू नये. बरण्या वाचवायच्या ठरल्या. त्या गरम पाण्यात उभ्या करायच्या, मेण सुटलं की पत्र्याच्या डब्यात ओतायचं, काच गरम असतानाच कागदाने पुसायची आणि मग भांड्यांच्या साबणाने धुवायची. मेण मोरीत जाऊ द्यायचं नाही, पुढच्या वाकणात ते गोठतं. बरणी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय नवी वात चिकटवायची नाही, कारण पाण्याचा एक थेंबही ज्योतीला तडतडवतो.

नव्या तेलासाठी पुरवठादाराकडून काय मागायचं ते लिहून दिलं: कशात पातळ केलं आहे याची लेखी माहिती, सुरक्षा पत्रक, आणि इफ्रा (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र. प्रमाणपत्रात बारावा वर्ग बघायचा, मेणबत्त्या त्यात येतात. मोगऱ्याबाबत आणखी एक सूचना केली. त्याच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं आणि त्याने पांढरं मेण काही आठवड्यांत पिवळट-तपकिरी होऊ शकतं. शुभ्र मोगरा म्हणून विकायचा असेल तर दुधी काच हाच त्यातल्या त्यात उपाय.

हिशेबही तिथेच केला. ८ टक्के मेणाच्या वजनावर धरले तर एका बरणीतल्या एकूण २२० ग्रॅममध्ये २०३.७ ग्रॅम मेण आणि १६.३ ग्रॅम तेल; ६० बरण्यांना १२ किलो २२२ ग्रॅम मेण, ९७८ ग्रॅम तेल. तेल ७५ अंशांच्या आसपास घालायचं, २ मिनिटं सावकाश ढवळायचं, ६० अंशांना ओतायचं. बरण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवायचं, म्हणजे सगळ्या सारख्या गार होतात. नंतर झाकण लावून दोन आठवडे मुरू द्यायच्या. बाईंना हे दोन आठवडे जड गेले, पण सोयात वास आधी पूर्ण उतरत नाही. आठवड्याच्या आत पेटवून ‘वासच येत नाही’ म्हणणाऱ्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आहेत.

खरा वाद लेबलवरून झाला. बाईंच्या डोळ्यांपुढे पॅरिसची दिप्तीक ही महागड्या मेणबत्त्यांची कंपनी होती. त्यांची १९० ग्रॅमची मेणबत्ती सुमारे ६० तास चालते, म्हणजे तासाला साधारण ३.२ ग्रॅम. आपल्या लेबलवरही ६० तास हवेत, हा त्यांचा आग्रह. कोरी मेणबत्ती ४ तास जाळण्याआधी आणि नंतर तोलली होती. २० ग्रॅम घटलं, म्हणजे तासाला ५. शिवाय तळचं १ सेंटिमीटर मेण जाळायचं नसतं, नाहीतर काच तडकते. या रुंदीच्या बरणीत ते ४५ ग्रॅम होतं. उरलेल्या १७५ ग्रॅमचे ३५ तास. वात बारीक करून तास वाढवता येतात, पण मग मध्येच खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. महागड्या वस्तूवर खोटा आकडा छापला तर तो पहिला ग्राहकच पकडेल, असं मी स्पष्ट सांगितलं. शेवटी नव्या तेलासह पुन्हा तोलून जो आकडा येईल तो छापायचा, यावर त्या राजी झाल्या. ‘पहिल्या वेळी मेण काचेपर्यंत वितळेपर्यंत विझवू नका’ ही ओळही लेबलवर आली.

जुन्या तेलाचं काय करायचं, हा प्रश्न तसा सोपा होता. मेणाला नालायक असलं तरी वाफेच्या यंत्रासाठी ते उत्तम होतं, त्यामुळे उरलेल्या बाटल्या बाई परत हॉटेलच्या लॉबीसाठी घेऊन गेल्या.