लिंगर म्हणजे काय गं आई?

काल लेक विचारत होती, इंग्रजीतला लिंगर म्हणजे काय गं, आणि मी नेमकी सुकट भाजत होते, मग म्हटलं हे बघ, खिडक्या उघडल्या तरी उद्यापर्यंत पडद्यांना जो वास राहणार ना, तो लिंगर करतो. मूळ 'लाँग'शीच जोडलेलंय, म्हणजे आपलं रेंगाळणं. मग तिने क्रॉनिक काढला. बरेच जण क्रॉनिक म्हणजे लई गंभीर समजतात, तसं नाहीये हां, ग्रीकमधे ख्रोनोस म्हणजे काळ, म्हणून नुसतं लांबलेलं, चिवट दुखणं. पेरेनियल तर सोप्पा, वर्षभर टिकणारा, बारमाही.

पण माझा लाडका इंडेलिबल, म्हणजे पुसता न येणारा! मतदानाची शाई. १९६२च्या लोकसभेपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येतेय, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवर उजेडात काळं पडतं आणि मग साबण घासा नाहीतर लिंबू चोळा, जात नाही. कातडीवरची जाते थोड्या दिवसांत, नखावरची मात्र नख वाढून कापेपर्यंत तशीच, मागच्या वेळी मी भांडी घासून घासून बघितलंय.

लेक म्हणे, मग सुकटीचा वास इंडेलिबल नाही ना? म्हटलं, पडद्यांना विचार.